आईने राखेने घासलेली चाकं

मित्रांनो, आज काय करावं ते खरंच सुचत नाहीये.

मित्राची नवी गाडी घेऊन आईला भेटायला कुडपणला आलोय. उद्या गाडी महाडला परत द्यायची आहे. घाटात सारखा ब्रेक लावून चारही चाकांवर काळी भुकटी चिकटली होती. सकाळी शाम्पूचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन तासभर घासलं. मग लिंबू लावलं, खायचा सोडा लावला. काळं काही हलेना. शेवटी कंटाळून जेवलो आणि जरा आडवा झालो.

उठून बघतो तर आई गाडीपाशी बसलेली. हातात नारळाचा काथ्या, शेजारी चुलीतली राख. दोन चाकं घासून झाली होती आणि चकचकीत रिमवर नुसते ओरखडे!

"आई, हे काय केलंस?"

"तुला जमत नव्हतं ना रे. पितळेची भांडी अशीच निघतात. बघ, काळं ऱ्हायलंय का? नाय ना? आता दोनच बाकी हायत."

तिची नखं काळी झाली होती, कपाळावर घाम होता आणि चेहरा आनंदाने फुललेला. मला रागवताच येईना. "राहू दे, दमलीस," एवढंच म्हणालो.

मागच्या पडवीत जाऊन मित्राला फोन केला, खरं ते सांगितलं. त्याने किती चाकं ते विचारलं. मग म्हणाला, "आण उद्या, बघू."

हे ओरखडे निघतात का हो? कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि आई मघापासून विचारतेय, "काय बोलला तुझा मित्र? खूश झाला ना?"

तिला काय सांगू?