पाचव्या मिनिटाची रेघ

मलेरियाची झटपट तपासणी करणाऱ्या पट्ट्या पहिल्यांदा हातात आल्या, तेव्हा मी चंडीगडला बालरोगाचं शिक्षण घेत होते आणि आठवड्यातून एकदा डेराबस्सीच्या कारखान्यांमागच्या वस्तीत दवाखाना चालवायला जात होते. त्याआधी तापलेल्या पोराचं रक्त काचेवर घेऊन शहरात पाठवायचं, उत्तर यायला चार दिवस, तोवर सगळ्यांना सरसकट त्याच कडू गोळ्या. आता बोटाला टोचा, थेंब टाका, पंधरा मिनिटं थांबा. एक रेघ म्हणजे मलेरिया नाही, दोन म्हणजे आहे. कुणाला कुठलं औषध, कुणाला मोठ्या हॉस्पिटलात धाडायचं, सगळं तिथल्या तिथे! मला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

पण थांबणं माझ्या रक्तातच नाही. मी मुलगी असूनही आई मला ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ म्हणायची. त्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेलेली. तीन वर्षांच्या एका मुलीची पट्टी मी पाचव्या मिनिटालाच उचलली. एकच रेघ. "मलेरिया नहीं है जी," तिच्या आईला सांगितलं, तापाचं औषध दिलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.

आमच्या पंजाबी नर्सबाई मात्र वेळ भरल्याशिवाय एकही पट्टी फेकून द्यायच्या नाहीत. पेन्सिलीनं नाव लिहून खिडकीत मांडून ठेवायच्या. जरा वेळानं तीच पट्टी माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "डॉक्टर साब, एह वेखो."

दुसरी रेघ उमटली होती. फिकी, पण होती.

मी चिखलातून धावत सुटले. मायलेकी टेम्पोत बसल्या होत्या, टेम्पो हललाही होता. मी सरळ आडवी उभी राहिले. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या.

"आपने तो कहा था, नहीं है," आई म्हणाली.

"मैंने जल्दी देख लिया. गलती मेरी है." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मलेरियाचं औषध लागू पडलं. पुढच्या आठवड्यात ती बाई आली, लेक स्वतःच्या पायांनी चालत, आणि कडेवर शेजारणीचं तापलेलं बाळ. मला इतका आनंद झाला की मी लेकीचे दोन्ही गाल ओढले. बाळाच्या रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. मुलीची आई स्टूल ओढून पट्टीला खेटून बसली. थोड्या वेळानं माझा हात पुढे गेला, तसा तिनं तो मनगटाशी धरला.

"अभी नहीं, डॉक्टरनी जी."

वेळ भरेपर्यंत तिनं तो सोडला नाही.