कुरुंद्याहून वाशीमला, ह्यांच्या ट्रकमधून

ट्रक विकायचा ठरला तेव्हा मी एकच हट्ट धरला, सोबत मी जाणार. चौदा महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त होऊन हे गेले, तेव्हापासून ट्रक दारातच उभा होता. ट्रक घेणाऱ्या वाशीमच्या खडी-गिट्टीवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, "चालत आली तर कामाला लावतो. ओढत आणली तर भंगारात तोडायला घेईन." ह्यांची गाडी तोडलेली मला नको होती.

सकाळी सातला निघालो. चालवायला ह्यांचे जुने जोडीदार सलीमभाई. कुरुंदा, औंढा, हिंगोली, कनेरगाव नाका, वाशीम असा रस्ता. हळद काढून रान मोकळं झालं होतं. मी पहिल्यांदाच एवढा वेळ केबिनमध्ये बसले. ह्यांना इतकी वर्षं रस्ता असा उंचावरून दिसायचा, हे मला आता कळलं.

औंढ्याच्या अलीकडे इंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. सलीमभाई स्टार्टर मारत राहिले. इंजिन फिरायचं, पेटायचं नाही. चहा पिऊन आलो तर एका हाकेत चालू. हिंगोलीच्या अलीकडे पुन्हा तेच. तिथे डिझेलचा फिल्टर नवा घातला. कनेरगाव नाक्यावर मात्र ट्रक थांबला तो थांबलाच. तासभर वाट पाहिली, तरी ढिम्म.

"भाभी, टोचन करून नेऊ का? वाशीम इथून जवळच हाय," सलीमभाई खालच्या आवाजात म्हणाले.

"ओढत न्हाई न्यायची, भाई."

नाक्यावरचा मिस्त्री आला. बॅटरी ठीक, फिल्टर नवा. त्यानं डिझेलच्या पाइपाचा नट सैल केला, तर नुसते बुडबुडे.

"हवा धरून राहिली. पण काहून धरते?" तो स्वतःशीच म्हणाला.

ह्यांच्या पेटीत डिझेल इंजिनाचं एक पुस्तक होतं. ह्या वर्षात मी ते अक्षर लावत दोनदा वाचलं. सगळं कळलं नाही, पण गाडी कधी थांबते ते बघत जावं, एवढं लक्षात राहिलं होतं. मी म्हटलं, "दादा, पाऊण तास चालती अन् बंद पडती. दोनदा तर थोडं थांबलं की आपोआप चालू झाली."

तो सरळ टाकीकडे गेला. झाकण फिरवलं, तशी टाकीनं सूंऽ करून हवा आत ओढली. सलीमभाई दचकले.

मिस्त्रीनं झाकण उजेडात धरलं. "ह्या भोकातून टाकीत हवा जाती. डिझेल कमी झालं की तेवढी हवा आत पाह्यजे, न्हाई तर टाकी डिझेल सोडत न्हाई. मंग इंजिन पाइपाच्या जोडातून हवा खेचतं. भोकात साबण कोणी भरला?"

"मी तीस साल गाडी चालवून राहिलो..." सलीमभाई सुरू झाले.

"अन् सकाळी डिझेल कोणी टाकलं, चाचा? झाकण हातात घेतलं असंल न्हवं?"

"मी भरला साबण," मी म्हटलं.

टाकी पाझरली की हे कपड्याचा साबण चोळून बुजवायचे. ते गेल्यावर पहिला पाऊस आला, तेव्हा पाणी जाऊ नये म्हणून मीच झाकणाचं भोक बुजवलं होतं. गाडी नीट राहावी म्हणून.

मिस्त्रीनं खिळ्यानं साबण कोरून काढला, इंजिनावरच्या हातपंपानं पाइपातली हवा बाहेर काढली. इंजिन धडधडलं. मजुरी सांगताना तो म्हणाला, "ताई, जपायला केलं तुमी. व्हतं असं." समोरच्या ढाब्यावर पिठलं-भाकरी चांगली मिळते. पण मला दोनच घास गेले.

वाशीमला गिट्टीवाल्यानं चालू इंजिनाचा आवाज ऐकला आणि लगेच आपल्या ड्रायव्हरला वर चढवलं. सलीमभाईंनी त्याला गिअरची खोड सांगितली. मी झाकणाचं सांगितलं. तो "व्हय, व्हय" म्हणत गाडी घेऊन गेला.

परतीला एसटी बरी पडते, बायकांना अर्धं तिकीट आहे. हिंगोलीला आमच्या बाजूची वसमतची गाडी धरायची.

गाडी तुटली नाही, याचं समाधान आहे. पण ट्रक उभा होता तिथून आता सकाळचं ऊन थेट चुलीपर्यंत येतं. शेजारीण म्हणाली, "बरं झालं, उजेड झाला." झाला खरा. तीन दिवस झाले, मी दार लोटूनच भाकरी थापते आहे.