आबांचा पिठ्ठू

माळा आवरताना वडिलांचा, आमच्या आबांचा, पाठीवर सामान वाहायचा लष्करी पिठ्ठू हाती लागला. डांबरगोळ्यांचा वास अजून तसाच.

सत्तरनंतरची वर्षं ती. कॉलेजातल्या आम्हा मुलींनी हिमालयातल्या खिंडी ओलांडायची, तंबूत राहायची मोहीम आखली होती. आई आबांना म्हणाली, “आवं, पोरीला येवढं वझं झेपंल व्हय?”

फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या आबांनी पिठ्ठूत ज्वारी भरली, तो माझ्या पाठीवर चढवला आणि मला रहिमतपूरच्या पेठेतून चालवत नेलं. एरवी ते सगळ्यांच्या पुढं चालत. त्या दिवशी माझ्या मागं राहिले. मी पडले तर सावरायला, असं मला तेव्हा वाटलं.

दुकानातून कुणीतरी हाक मारली, “सुभेदार, कुटं निघाला?”

“मला काय इचारतोस? म्होरं ती हाय, तिला इचार.”