उपाशी ठेवलेले मासे

माशाचं आतडं कापायला फार अक्कल लागत नाही. धारदार पातं लागतं, सवयीचा हात लागतो आणि वासाबद्दल तक्रार न करण्याची तयारी लागते. माझ्याकडे तिन्ही होती, म्हणून नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळाली. पुण्यात मी चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. सकाळी रक्ताचे नमुने घ्यायचे, दुपारी माणसांच्या गाठी मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढायचे. नवऱ्याच्या परमिटवर इथे आले तेव्हा ओळखीच्या बायकांनी सल्ला दिला, घरगुती डबे सुरू कर. मी मासे निवडले. भाजी तिखट झाली म्हणून मासे फोन करत नाहीत.

टाक्यांत वाढवलेल्या माशांना पूर्वी समुद्रातल्या बारीक मासळीची भुकटी घालायचे. ती महाग झाली आणि समुद्रालाही परवडेना, म्हणून आता सोया, वाटाणा, गहू. त्यात गैर काही नाही. ट्राउट हा मात्र दुसऱ्याला खाऊन जगणारा मासा. साध्या सोयाच्या पिठात रिठ्यासारखं फेस आणणारं काहीतरी असतं, ते त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला झोंबतं आणि तिथे सूज येते. तेच पीठ नीट धुऊन, शुद्ध करून घातलं तर बरंच निभावतं. पण धुवायला खर्च येतो, आणि पोस्टरवर धुतलेलं आणि न धुतलेलं पीठ सारखंच हिरवं दिसतं.

पोस्टर ज्याचं होतं, तो आमच्यातलाच, इथल्या मराठी मंडळींतला. शेजारच्या फेल्डहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता, तिथली नोकरी सोडून त्याने माशांचं खाद्य काढलं. मासा कधी तोंडात घातला नव्हता, हातातही धरला नव्हता. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळ आणि मुलांचा नाच यांच्यामध्ये त्याने वीस मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवली, त्यातलंच एक पोस्टर करून दारात लावलं होतं. ‘शाकाहारी मासा’ असं वर लिहिलेलं. माशाचं पोट म्हणजे एक नळी, एकीकडून प्रथिनं आत, दुसरीकडून वाढ बाहेर, असा बाणही होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी विचारलं, “मग हा मासा सोमवारी चालेल का हो?” त्याने त्यावर खरोखर विचार केला.

त्याच्या खाद्याची चाचणी आमच्याकडे आली. गावाबाहेर एका म्हाताऱ्या डच माणसाची ट्राउटची शेती होती. शेजारशेजारच्या दोन टाक्या, एकीत जुनं खाद्य, दुसरीत नवं. ठरलेले आठवडे भरले की दोन्हींतले मासे मारून आतडी काढायची आणि आतून काय दिसतं ते आम्ही सांगायचं. अहवाल चांगला आला तर म्हातारा वसंताआधी सगळीच तळी नव्या खाद्यावर घेणार होता. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, तळी तेवढी होती. म्हणून अहवाल त्याच्यासाठी होता. पोस्टरवाल्यासाठी तो फक्त आणखी एक चित्र होता.

मासे स्वतः जाऊन कापण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्याआधी आतडी बाटलीत बुडवलेली, आयती यायची. आदल्या आठवड्यात म्हाताऱ्याचा फोन आला. तो मला मेव्राऊ म्हणतो, म्हणजे बाई.

“मेव्राऊ, विकायच्या आधी तीन दिवस खाणं बंद ठेवतो. तसंच ठेवू?”

“ठेवा,” मी म्हटलं. “पोट रिकामं हवं.”

एका सेकंदाचाही विचार केला नाही.

आतडी स्वच्छ निघाली. मला बरंच वाटलं. कापताना म्हातारा शेजारी उभा होता. म्हणाला, “त्या दुसऱ्या टाकीतल्यांची विष्ठा बघायला हवी होती तुम्ही. पांढरट, लांब दोऱ्यासारखी. जाळीला लोंबत राहते.” मी मान हलवली. शेतकरी काय, काहीतरी बोलतच असतो, असं तेव्हा मनात आलं. ते लिहून ठेवते आहे.

काचपट्ट्यांवर फक्त आकडे होते, कुठला मासा कुठल्या टाकीतला ते मला माहीत नव्हतं. असंच करायचं असतं. निरोगी आतड्याच्या आत उंच, सडपातळ घड्या दिसतात आणि त्यांच्या पेशींमध्ये रांगेने पांढऱ्या पोकळ्या, खाल्लेलं जिरत असल्याची खूण. मला कुठेच त्या पोकळ्या दिसेनात. सगळेच मासे सारखे मरगळलेले. आकडे उघडले तेव्हा दोन टाक्यांत फरक जवळजवळ नव्हता.

पोस्टरवाल्याला कोणी कळवलं माहीत नाही, पण दुपारीच त्याचा फोन. “ताई, ऐकलं. फरकच नाही म्हणजे सोयाने काही होत नाही. मी म्हणतच होतो.”

“अहवाल अजून लिहिलेला नाही.”

“लिहा की. एक ओळ तर आहे.”

मला ती ओळ लिहवेना, आणि का लिहवत नाही तेही कळेना. जुन्या खाद्यावरच्या माशांची आतडी तरी चांगली दिसायला हवी होती. मी मेणावर संशय घेतला, रंगावर घेतला, मुलगी वाटेल तसा ठेवते म्हणून माझ्या चष्म्यावरसुद्धा घेतला.

दोन दिवसांनी सकाळी नवरा स्वयंपाकघरात उभा. त्याला हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या डॉक्टरने, रक्त तपासायला पाठवलं होतं.

“अर्धा कप चहा चालेल ना?”

“काही चालणार नाही. पाण्याशिवाय पोटात काही नको,” मी म्हटलं, आणि गॅससमोर तशीच उभी राहिले. चौदा वर्षं रोज सकाळी हेच वाक्य मी लॅबच्या खिडकीतून लोकांना सांगत होते. तेच माशांना सांगितलं होतं.

कामावर जाऊन नमुन्याच्या सूचनांचे जुने कागद काढले. आतड्याचा नमुना घ्यायचा तर मासा जेवलेला हवा, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. उपाशी ठेवला की पोकळ्या निरोगी माशातूनही जातात, आणि सोयाने आलेली सूजही थोडी ओसरते. वाईट चांगल्यासारखं दिसतं, चांगलं वाईटासारखं. मी वाचलं नव्हतं, कारण मला सगळं येत होतं. न वाचताच सगळं येतं असं वाटतं यांना, असं इतरांबद्दल मी रोज म्हणते, तेच.

आधी पोस्टरवाल्याला सांगितलं. चूक माझी, नमुने बाद, पुन्हा घ्यावे लागतील.

“पण ताई, दोन्ही टाक्या उपाशी होत्या ना? म्हणजे सारखंच झालं की.”

“दोन पेशंट बेशुद्ध असले तर दोघांची तब्येत सारखी म्हणाल का?”

“तुम्ही फार ताणता. कोणाला कळणार आहे?”

“म्हाताऱ्याला कळेल. सगळ्या तळ्यांत पांढरे दोरे लोंबायला लागले की.”

“तुमचं कॉन्ट्रॅक्ट पण वर्षाचंच आहे ना?” तो अगदी प्रेमाने म्हणाला. धमकीसुद्धा त्याला पातळच जमली. मी फोन ठेवला आणि प्रयोगशाळेच्या साहेबांना लेखी कळवलं, माझ्या नावानिशी.

म्हाताऱ्याकडे मात्र सायकल घेऊन स्वतः गेले. तो जाळी धूत होता. मी सांगितलं. त्याने जाळी खाली ठेवली.

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“आणि तुम्ही मला विष्ठेबद्दलही काही विचारलं नाहीत.”

“नाही.”

“मग आता विचारा,” तो म्हणाला, आणि मला टाकीपाशी नेलं. मी विचारलं. वीस मिनिटं वहीत लिहून घेतलं. पडद्यावरच्या वीस मिनिटांपेक्षा त्यात जास्त होतं.

पंधरा दिवसांनी भरल्या पोटाचे मासे कापले. घाणेरडं काम, हात कोपरापर्यंत माखले. पोस्टरवाला या वेळी आला होता, पहिलं पोट उघडताच गाडीत जाऊन बसला. जुन्या खाद्यावरच्या माशांत पोकळ्या रांगेने होत्या. नव्या खाद्यावरच्यांत घड्या आखूड, जाड, सुजलेल्या. शंका घ्यायला जागाच नव्हती. त्याला मायक्रोस्कोपमधून बघ म्हटलं तर म्हणाला, “फोटो पाठवा, स्लाइडमध्ये टाकीन.” सोया धुऊन घ्या, थोडी मासळी ठेवा, असं आम्ही अहवालात लिहिलं. पुढच्या दिवाळीला ओळखीत सांगितलं गेलं की काकूंना नव्या गोष्टी आवडत नाहीत. ताईची काकू मी तिथे झाले.

म्हाताऱ्याने तळ्यांना हात लावला नाही. उरलेल्या हिरव्या पोत्यांवर आता त्याचा कुत्रा झोपतो. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पण साहेबांनी नमुन्याच्या सूचनांचा कागद माझ्याकडून दर वेळी सही करून घ्यायला सुरुवात केली. मी करते. बरोबर आहे ते.

त्या शेतावर काम निघालं की आदल्या आठवड्यात म्हाताऱ्याचा फोन येतो. त्याला उत्तर पाठ आहे, तरी विचारतो.

“मेव्राऊ, या वेळी मासे जेवून येतील की उपाशी?”

“जेवून,” मी म्हणते.

“कागदात बघून सांगा,” तो म्हणतो, आणि मी कागद काढेपर्यंत फोन धरून ठेवतो.