सासऱ्यांना वाचून दाखवलेला खून

माझे सासरे मराठीचे शिक्षक. डोंबिवलीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी व्याकरण शिकवलं, आणि त्यातले बरेच जण अजूनही ते समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडतात. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, जावई होतो. जावयाला ओरडता येत नाही, म्हणून माझ्या वाचनाबद्दल ते कित्येक वर्षं गप्प बसलेले. ठाण्यात वर्तकनगरला आमच्याकडे आले की माझ्या कपाटासमोर उभे राहायचे, मुखपृष्ठांवरची अंतराळयानं, ड्रॅगन आणि रक्ताळलेले चाकू बघायचे, आणि मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठाण्यात झालं. नवीन चष्मा मिळेपर्यंत बारीक अक्षर दिसणार नव्हतं, म्हणून ते आणि सासूबाई आमच्याकडेच राहिले. वाचायला मिळेना तेव्हा ते घरभर येरझाऱ्या घालायला लागले. सोसायटीच्या नोटीसबोर्डावरची सूचना मोबाइलमध्ये फोटो काढून, मोठी करून वाचली आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका वॉचमनला समजावून आले. शेवटी बायकोने फर्मान काढलं की संध्याकाळी ऑफिसातून आलास की चहा घे आणि बाबांना वाचून दाखव.

त्यांनी एक जाडजूड समीक्षाग्रंथ माझ्या हातात दिला. पहिल्या प्रकरणात मी टिकलो. दुसऱ्यात एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा सासरे शांतपणे समोर बसलेले.

"तुमच्या आवडीचं काहीतरी वाचा," ते म्हणाले. "निदान जागे तरी राहाल."

मी परवानगीचा पुरेपूर फायदा घेतला. सुरुवात एका विज्ञान कादंबरीने केली. परग्रहावर बोगद्यांमध्ये राहणारी माणसं, आणि मोजूनमापून मिळणारं पाणी. हल्लीच्या विज्ञानकथांमधलं मला हेच आवडतं. पूर्वीची यानं झोकात उडायची, आताच्या यानांचे पाइप गळतात आणि त्यावर समित्या बसतात. सासरे सुरुवातीला डोळे मिटून ऐकत होते. पाण्याच्या टाकीवरून वस्तीत दोन गट पडले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि पंप सुरू करायची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे ते विचारलं. पुढच्या प्रकरणात पाणी दिवसाआड यायला लागलं, तेव्हा ते म्हणाले की लेखक नक्की डोंबिवलीत राहून गेला असावा.

मग जादूच्या राज्याची गोष्ट वाचली. त्यात मंत्राचा उच्चार चुकला की मंत्र म्हणणाऱ्यावरच उलटायचा. एका गर्विष्ठ मांत्रिकाने दीर्घ स्वर ऱ्हस्व म्हटला आणि तो जागच्या जागी दगड झाला. मला त्या मांत्रिकाचं वाईट वाटलं, कारण तो माझा आवडता होता. सासऱ्यांनी मला ते पान पुन्हा वाचायला लावलं. माझ्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्या रात्री बाबा कितीतरी दिवसांनी दोन पोळ्या जास्त जेवले. ड्रॅगनबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. एवढा मोठा प्राणी, आणि त्याच्या खाण्यापिण्याची लेखकाला काहीच काळजी नाही, असं त्यांचं म्हणणं.

थरारकथा मी मुद्दाम शेवटी ठेवलेली. एका श्रीमंत म्हाताऱ्याचा त्याच्या बंगल्यात खून होतो आणि घरातल्या प्रत्येकाला तसं करायला कारण असतं. पहिल्या संध्याकाळी सासऱ्यांनी जावयावर संशय घेतला. मी विचारलं, पुरावा काय. ते म्हणाले, पुरावा लागतो कशाला, तो जावई आहे. मी त्या कागदी जावयाची बाजू जीव तोडून मांडत राहिलो आणि बायको स्वयंपाकघरात हसत राहिली.

दुसऱ्या दिवशीपासून मात्र चमत्कार सुरू झाला. माळी खोटं बोलतोय, असं सासरे म्हणाले, आणि दोन पानांनी तो खोटं बोलताना पकडला गेला. बंद पेटीत काही सापडणार नाही म्हणाले. पेटी रिकामी निघाली. मी थक्क झालो. अशा पुस्तकांवर माझी निम्मी हयात गेलेली, आणि मला एकदाही इतकं अचूक ओळखता आलं नव्हतं. ऑफिसात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, मी सगळीकडे सासऱ्यांच्या बुद्धीचं कौतुक करत सुटलो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर त्यांची हरवलेली छत्री कोणी नेली असेल, असं सासऱ्यांना येऊन विचारलं. सासऱ्यांनी अगदी गंभीरपणे चौकशी केली.

कथेच्या मध्यावर एक नाजूक प्रसंग आला. म्हाताऱ्याची सून आणि घरचा डॉक्टर, पावसात अडकलेली गाडी, वगैरे. समोर सासरे, बाजूला सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या. मी घसा खाकरला, पाणी प्यायलो आणि तेवढी पानं एकदम उलटून सरळ दुसऱ्या दिवसाच्या सकाळी पोचलो.

शेवटाच्या जवळ आलो तेव्हा सासऱ्यांनी हात वर केला. "खून डॉक्टरने केलाय," ते म्हणाले. "त्याच्या पाठीवर भाजल्याचा डाग आहे, म्हणजे त्या जुन्या आगीतून वाचलेला मुलगा तोच."

मी पुस्तक मिटलं. पाठीवरच्या डागाचा उल्लेख मी वाचलेल्या पानांत कुठेच नव्हता. तो मी वगळलेल्या पानांत होता, कारण सबंध पुस्तकात डॉक्टरने शर्ट तिथेच काढलेला.

"बाबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सासऱ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे. ती तर दिवसभर कामावर असते. मग आम्ही तिघांनी सासूबाईंकडे पाहिलं. आयुष्यभर पोथी आणि पंचांगापलीकडे त्यांच्या हातात मी पुस्तक पाहिलं नव्हतं. त्यांनी शेंगांचं ताट खाली ठेवलं.

"तुम्ही रोज ऐन रंगात आलं की थांबता," त्या मला म्हणाल्या. "दुपारी ह्यांना करमत नाही. मग मी वाचते."

मी दबकत विचारलं, ती गाडीतली पानंसुद्धा?

"त्यात काय," त्या म्हणाल्या. "पुस्तकात लिहिलंय ते वाचलं."

पुढचं बायकोने नंतर त्यांच्याकडून काढून घेतलं. सासूबाईंनी ती पानं पुरणाची कृती वाचावी तशी एका सुरात, एकही शब्द न गाळता वाचलेली. सासरे मध्येच उठून बाल्कनीत जाऊन आले होते, पण दार उघडंच ठेवून. आणि संध्याकाळी मी यायच्या आत खूण पुन्हा जुन्या पानावर ठेवायची कल्पना सासऱ्यांचीच होती. इतक्या शिस्तीच्या माणसाने रोज संध्याकाळी माझ्यासमोर चेहऱ्यावरची रेष न हलवता विचार केल्याचं सोंग केलं, याचा मला राग यायला हवा होता. मला ते पहिल्यांदाच नातेवाईक वाटले.

चष्मा आला आणि मी दोघांना डोंबिवलीला सोडायला निघालो. माजिवड्याच्या चौकाआधीच गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. मागच्या सीटवर सासूबाईंनी पिशवीतून माझ्या कपाटातलं एक कॉमिक काढलं. मला न विचारता घेतलेलं. घट्ट पोशाखातली एक बाई त्यात इमारतींवरून उड्या मारते आणि गुंडांना बदडते. शब्द थोडे, इंग्रजी. सासूबाईंचं त्यावाचून काही अडत नव्हतं. मी आरशातून बघत होतो, त्या प्रत्येक चौकटीवर नीट थांबून पान उलटत होत्या.

सासऱ्यांनी नवा चष्मा सावरला, मान तिरकी करून डोकावून पाहिलं आणि ही बाई एवढी चिडलीय कशाने, असं विचारलं.

सासूबाईंनी पुस्तक थोडं आपल्याकडे वळवून घेतलं.

"अहो, थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मारामारी चाललीय."