सुतारकाकूंचं स्टुलाचं चित्र

कुरुंद्याच्या सुतारकाकूंच्या कानावर सुताराची चपटी पेन्सिल कायम खोचलेली असायची. डोक्यावरचा पदर ढळला तरी चालेल, पेन्सिल ढळता कामा नये. काका वारले तेव्हा दिराने रंधा, पटाशी, करवत सगळं उचलून नेलं. म्हणाला, "बाईच्या हातात हत्यार शोभत न्हाई." पेन्सिल तेवढी मागे राहिली, कारण तिला त्याने हत्यार धरलंच नाही. तिथेच गडी फसला.

काकू मग हळद निवडायच्या कामाला जाऊ लागल्या. बाया दिवसभर उकिडव्या बसायच्या, उठताना एकमेकींचा हात धरायच्या. काकूंनी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर बुटक्या स्टुलाचं चित्र काढलं. त्यातच ते बनवायची सगळी रीत होती, अक्षर मात्र एकही नाही. आधी कापायचं तिथे एक बोट काढलेलं, मग ठोकायचं तिथे दोन. मापं वितेत. "पट्टी घरी इसरती, हात कोन इसरतं?" असं त्यांचं म्हणणं.

बुटक्या शेवंतामावशींनी ते स्टूल धिप्पाड जावयाकडून करून घेतलं. त्याच्या वितेचं ते स्टूल इतकं उंच झालं, की मावशींचा हात हळदीच्या ढिगापर्यंत पोचेना. "तुजं चित्रच चुकलं," मावशी भडकल्या.

"चित्र बराबर हाय. हात दुसऱ्याचा हाय. जिला बसायचं तिनं करायचं."

मग बायांनी मिळून एक करवत आणि एक हातोडी घेतली. पंधरा दिवसांत प्रत्येकीचं आपापल्या वितेचं स्टूल झालं. काही डुगडुगत होती, पण होती.

मालकाला ते खपलं नाही. "मी खुर्चीवर अन् तुमीबी वर? ठेवा ते भाईर!" काकूंनी स्टूल डोक्यावर घेतलं. "मग हळदबी तुमीच निवडा," म्हणाल्या आणि चालू लागल्या. मागोमाग सगळ्या निघाल्या. तीन दिवस ढीग तसाच पडून होता. चौथ्या दिवशी मुकादम घरोघर फिरला, "चला, स्टुलं घेऊन चला," म्हणत.

गेल्या वर्षी काकूंनी अंथरूण धरलं. मी शेजारीण, लाडकी. आठवण म्हणून तो पुठ्ठा मागितला. म्हणाल्या, "त्यो जवळा बाजार गावच्या बायांला देला. तिथला मालक अजून खालीच बसवून राहिला." मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागच आला. त्यांना तो कळला. "पोरी, भितीवर लावून काय करती?"

आठवड्याने काकू गेल्या. मी खूप रडले.

यंदा जवळा बाजारच्या मालकाने बायांची स्टुलं रस्त्यावर फेकली, असं कानावर आलं. न राहवून मी बस धरून गेले. पोचले तेव्हा बाया आत त्याच स्टुलांवर बसून हळद निवडत होत्या. दोन स्टुलांचे पाय मोडले होते, त्यांखाली विटा लावल्या होत्या. मालक दारात उभा होता, आणि एकही बाई त्याच्याकडे मान वर करून बघत नव्हती.