नोएला शिकायला गेली तेव्हा

माझा धाकटा भाऊ इझिडोर फारसा बोलत नाही. गावाच्या बैठकीत त्याला काही विचारलं की तो आधी खिडकीतून सरोवराकडे बघतो, मग खांदे उडवतो, आणि तोवर दुसरंच कुणीतरी बोलायला लागलेलं असतं. म्हणून त्याच्याबद्दल बोलायचं काम माझ्याकडे येतं. मी ते आनंदानं करते. थोरली बहीण आहे मी त्याची, तेवढा हक्क मला आहेच.

आमचं स्टोनी पॉइंट गाव उत्तरेच्या थंड मुलखातल्या ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पार पूर्वेच्या टोकाला. रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरून घसरत पळणारी स्किडू गाडी, आणि वाऱ्याची मर्जी असेल तेव्हा छोटं विमान. शाळेतले मास्तर दक्षिणेतून यायचे. ऑगस्टात हसत उतरायचे आणि जून लागला की पेट्या बांधून विमानाकडे डोळे लावून बसायचे. काहींना तर जूनपर्यंतही दम निघत नसे. पोरांना मास्तरचं नाव नीट घेता येईपर्यंत मास्तर बदललेला असायचा.

इझिडोरची बायको नोएला त्या शाळेत मदतनीस होती. पोरांचे कोट काढायचे, नाकं पुसायची, मास्तर काय म्हणतोय ते लहानग्यांना आपल्या देने भाषेत समजावून सांगायचं. एका वसंतात दक्षिण काठावरच्या कॉलेजातून विचारणा झाली, की शिक्षिका व्हायचंय का? अभ्यास दोन वर्षांचा, राहायचं तिकडेच.

"नाही जमायचं," नोएलानंच आधी सांगून टाकलं. "लूसी अजून रांगतेय."

"रांगेल, मग चालेल," इझिडोर म्हणाला. "मी आहे ना."

मी तिथंच चहा पीत बसले होते. मला राहवेना. "तुला लंगोट बांधता येतो का रे?"

"जाळं बांधता येतं."

"लंगोट म्हणजे जाळं नव्हे, बाबा."

"दोन्हीतून काही निसटायला नको, एवढंच ना, ताई?"

नोएला हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं, तिचं जायचं तेव्हाच ठरलं.

ऑगस्टात ती गेली. सात वर्षांची डेल्फिन धावपट्टीच्या कडेला ओठ घट्ट मिटून उभी राहिली. चार वर्षांचा रेने विमानामागं धावला, पडला, उठला आणि पुन्हा धावला. इझिडोरनं लूसीला खांद्यावर घेतलं होतं आणि ती त्याची टोपी चावत होती. विमान ढगांत गेल्यावर तो म्हणाला, "चला, जाळी बघायची आहेत." तिघांना होडीत घालून तो निघाला. मी किनाऱ्यावरून बघत राहिले. जाळ्यांशी पोचल्यावरही तो बराच वेळ पाण्यात हात घालून नुसता बसला होता.

पहिले काही आठवडे काय सांगू! डेल्फिनचे केस कमरेपर्यंत. नोएला रोज तिच्या दोन वेण्या घालायची. इझिडोरला जाळ्याच्या गाठीच तेवढ्या माहीत, त्यानं त्याच मारल्या. संध्याकाळी पोरगी रडत माझ्याकडे आली. "आत्या, सुटतच नाहीयेत!" वेण्यांना बांधलेल्या जाळ्याच्या दोऱ्या मी कात्रीनं एकेक कापल्या. पोरीनं तेवढ्यात दोनदा बजावलं, "बाबांना सांगू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल."

दुकानात पुरुषमंडळी त्याला गाठायचीच. "काय इझिडोर, आज चुलीवर काय?"

"मासा."

"आणि काल?"

"काल पण मासा. उद्या ये जेवायला, उद्या तुझ्यासाठी मुद्दाम मासा करतो."

हसत ते लोक, पण वाईट मनानं नाही. त्यातल्याच एकानं एके सकाळी फोडलेल्या लाकडांची रास त्याच्या दाराशी आणून टाकली. कोण ते आजवर कळलं नाही.

सरोवर गोठलं आणि खरी कसोटी लागली. जाळी बर्फाखाली, घरी पोरं, आणि माणूस एक. मी म्हटलं, लहानीला माझ्याकडे ठेव. कधी ठेवायचा, पण रोज नाही. त्यानं स्किडूमागं ओढायच्या घसरगाडीवर कॅनव्हासची पेटी बसवली, आत कॅरिबू हरणाचं कातडं अंथरलं, सशाच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून लूसीला त्यात बसवलं. तो पहारीनं बर्फ फोडायचा, रेने चाळणीसारख्या पळीनं भोकातले तुकडे काढायचा, डेल्फिन मासे मोजायची नि मोठा निघाला की ओरडायची. लूसीचं नाक तेवढं पेटीतून बाहेर. पोरांना जेवू घालायला तो त्यांना सोडून जात नव्हता, बरोबर घेऊन जात होता. सुरुवातीला मला ते वेडेपण वाटलं. मग एकदा मी सोबत गेले. भर बर्फात तीन पोरं गरम चहात बॅनक रोटीचे तुकडे बुडवून खात होती आणि बाप त्यांना कुठल्या तरी बढाईखोर कावळ्याची गोष्ट सांगत होता. इझिडोर! गोष्ट सांगत होता! मीही एक तुकडा चहात बुडवून ऐकत बसले.

मग पायांचा प्रश्न आला. आमच्याकडे पोरांचे कातडी जोडे घरीच शिवतात, आणि तिघांचेही पाय एकदमच वाढले. मी शिवून दिले असते. त्यानं मला विचारलंच नाही. एके दिवशी मूस हरणाचं कमावलेलं कातडं काखेत मारून तो सरळ सभागृहात आला. तिथं आम्ही बायका शिवायला बसतो. लूसी त्याच्या पाठीवर बांधलेली.

मदलेन आजी आमच्यात सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात तिखट. तिनं सुई थांबवली. "पुरुषमाणूस दारात थांबतो रे."

"थांबलो असतो आजी. पण पोरांचे पाय थांबत नाहीत."

आम्ही सगळ्या इतक्या हसलो की एकीच्या मांडीवरचे मणी जमिनीभर झाले. इझिडोर खाली बसून ते गोळा करायला लागला, लूसीसकट. आजी थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं शेजारची खुर्ची पायानं पुढं ढकलली. "बस. आधी हात धू. माशाचा वास येतोय."

त्याचा पहिला जोड दोन्ही डाव्या पायाचा झाला. आजीनं तो उचलून सगळ्यांना दाखवला. "हा घालून पोरगं गोल गोल फिरेल, हरवणार तरी नाही." इझिडोर कानापर्यंत लाल झाला. पण पुढच्या बैठकीला आला, त्याच्या पुढच्याही आला. ख्रिसमसपर्यंत तिन्ही पोरांच्या पायांत बापानं शिवलेले जोडे होते. टाके मोठे होते, पण पक्के.

ख्रिसमसला नोएला आली. विमानातून उतरली ती पळतच. डेल्फिन आणि रेने तिच्या अंगावर तुटून पडले. तिनं लूसीकडे हात केले, आणि लूसीनं बापाच्या मानेत तोंड लपवून मोठ्यानं भोकाड पसरलं. अनोळखी माणूस बघून पोर रडतं ना, तसं.

नोएलाचे हात तसेच राहिले. नंतर ती हसली, म्हणाली, "थकलीय ती." पण घरी आल्यावर तिनं कोटही काढला नाही. चुलीशी बसून म्हणाली, "झालं माझं शिकून. मी परत जाणार नाही."

मी इझिडोरकडे पाहिलं. मला वाटलं, आता खांदे उडवणार. त्यानं चुलीत लाकूड सरकवलं, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि बोलला. इतकं लांब बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"लूसी चार दिवसांत तुला ओळखेल. मग तुला सोडणार नाही, तू जाताना पुन्हा रडेल, आणि मला पुन्हा ते बघावं लागेल. ते मी बघेन. पण गेल्या आठवड्यात मास्तर गेला, तुला माहितेय? सुट्टीचं म्हणून गेला आणि सगळं सामान घेऊन गेला. आता शाळेला कुलूप. डेल्फिन रोज सकाळी दप्तर घेऊन जाते, दार बंद बघून परत येते. मी तिला मासे मोजायला शिकवू शकतो. वाचायला नाही. तू इथं राहिलीस तर आपल्या तिघांना आई मिळेल, नोएला. आणि दार बंदच राहील."

नोएलानं उठून कोट काढला. तेवढ्यात तिचं लक्ष रेनेच्या पायांकडे गेलं. तिनं त्याला जवळ ओढलं, जोडा उलटा करून टाके पाहिले. "ताई, हे तुम्ही शिवलेत?"

"माझे टाके इतके वाईट असतात का गं?" मी म्हटलं.

मग तिला कळलं. ती इझिडोरकडे अशी बघायला लागली की मी लोकरीच्या टोप्या चढवून पोरांना बाहेर खेळायला घेऊन गेले.

ती जानेवारीत परत गेली. लूसी रडली, तो म्हणाला होता तशीच.

दुसऱ्या हिवाळ्यात तो सरावला होता. वेण्या सरळ यायला लागल्या. जोड्यांवर मणी आले, आधी एक वेडंवाकडं फूल, मग नीट फूल. टेलिफोन दुकानात होता. रविवारी पोरं रांगेनं आईशी बोलायची आणि दुकानातलं अर्धं गाव आपण काही ऐकत नाही असं दाखवत ऐकायचं. एप्रिलात नोएलानं सांगितलं, की तिची शेवटची परीक्षा आहे, वर्ग घेऊन दाखवायचा, तपासणारे मागं बसणार. "मला फार भीती वाटतेय," ती म्हणाली. फोन डेल्फिनच्या कानाला होता, तिनं ते जसंच्या तसं आम्हाला सांगितलं.

परीक्षेला तिच्याजवळ असावं म्हणून आम्ही विमानाची वाट बघितली, पण ते वाऱ्यामुळे येईना. इझिडोरनं बर्फाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "ताई, जाड आहे अजून. जाऊया?"

"तीन पोरं घेऊन? सरोवर ओलांडून?"

"म्हणून तर तुला विचारतोय."

दोन स्किडू, एक तंबू, वाळवलेलं मांस, चहा. त्याच्यामागच्या पेटीत पोरं, माझ्यामागं सामान. एप्रिलातला दिवस लांब असतो, ऊन बर्फावर इतकं चकाकतं की पोरांच्या आणि आमच्याही गालांना मी चुलीतली काजळी फासली. पहिला मुक्काम बेटाच्या आडोशाला झाला. दुसऱ्या दिवशी, सरोवराच्या मध्यावर, समोर बर्फ फाटलेला होता. पल्याडपर्यंत उभ्या लाद्या एकमेकींवर चढलेल्या, आणि मधून काळं पाणी दिसत होतं.

इझिडोर उतरला. पोरांना म्हणाला, "जागेवरून हलायचं नाही." आमच्या रीतीप्रमाणे खिशातली तंबाखू काढून पाण्याला दिली, ओठांतल्या ओठांत काही बोलला. मग पहार घेऊन भेगेच्या कडेनं चालायला लागला, एक पाऊल टाकायचा आणि एक ठोका द्यायचा. तो बर्फाच्या चकाकीत दिसेनासा झाला तसा रेने मला चिकटला. मी गाणं म्हटलं. काय म्हटलं ते विचारू नका, माझं लक्ष त्या ठोक्यांकडे होतं.

तो परत आला. "पुढं लाद्या दाटून बसल्यात. धरतील." आधी त्यानं रिकाम्या स्किडू एकेक करून पलीकडे नेल्या. मग मी गेले. मग त्यानं लूसीला उचललं. ती त्याच्या कानात काहीतरी सांगून खिदळत होती, आणि तो पायाखाली बघत, न हसता, एकेक लादी चाचपत आला. मग रेने. डेल्फिनपाशी गेला तेव्हा ती म्हणाली, "मी चालत येणार."

तो थांबला. मी इकडून ओरडले, "उचल तिला, मुकाट्यानं!"

त्यानं तिला दोरी बांधली, टोक स्वतःच्या कमरेला, आणि पहार तिच्या हातात दिली. "मी पाय टाकतो तिथंच टाक. आधी ठोक." पोरगी बापामागं ठोकत ठोकत आली. पलीकडे पोचल्यावर पहार माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आत्या, तू फार ओरडतेस." मी पहार खाली टाकली आणि तिच्या कमरेची दोरी सोडायला लागले.

दक्षिण काठावरच्या शहरात पोचलो ते सरळ तिची परीक्षा होती त्या शाळेवर. काजळी फासलेली पाच तोंडं बघून दारावरची बाई दचकलीच. वर्गाच्या दाराला काच होती. आत नोएला फळ्यापाशी उभी, समोर लहान पोरं, मागच्या बाकावर तपासणारे. इझिडोरनं लूसीला वर उचललं. नोएलानं मान वळवली आणि तिला काचेत आम्ही दिसलो.

तिचा खडू थांबला. क्षणभर वाटलं, सगळं टाकून बाहेर येणार. आली नाही. तिनं एक खोल श्वास घेतला, पोरांकडे वळली आणि धडा पुरा केला. आवाज आधीपेक्षा मोठा झाला होता, आम्हाला बाहेर ऐकू येत होता. इझिडोर शब्द न् शब्द ऐकत होता. त्याच्या गालावरच्या काजळीतून पाण्याची रेघ खाली आली, ती त्यानं पुसलीसुद्धा नाही. आयुष्यात मला त्या दोघांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा दुसऱ्या कशाचा वाटला नाही.

दार उघडलं तेव्हा लूसी बापाच्या हातातून निसटून धावली. "आई! आम्ही पाण्यावरून आलो!"

त्या ऑगस्टात स्टोनी पॉइंटच्या शाळेची घंटा नोएलानं वाजवली. सगळं गाव जमलं होतं. मदलेन आजी तर खुर्ची घेऊन आली होती. नोएलानं हजेरी आपल्या भाषेत घेतली, आणि एकेक पोर मोठ्यानं "आहे" म्हणालं. इझिडोर कुंपणाबाहेर होडीचं इंजिन दुरुस्त करत होता. इंजिनाला काही झालं नव्हतं.

डेल्फिन मधेच बाहेर पळत आली. "बाबा, तिला आता बाई म्हणायचं का आई?"

इझिडोरनं सरोवराकडे पाहिलं, विचार केला. "शाळेत बाई," तो म्हणाला. "घरी काय म्हणायचं ते मलाही तिलाच विचारून बघावं लागेल."